आयसर, नेस्ट आणि 'पुढे काय?' : बारावीनंतर सगळं विज्ञान एकत्र शिकायचं असेल तर

माझा बारावीचा निकाल लागला तेव्हा घरी येणारा प्रत्येक पाहुणा पेढा तोंडात टाकायच्या आधी विचारायचा, "नीटला किती?" आम्ही लातूर जिल्ह्यातले, त्यामुळे या प्रश्नाला दुसरा पर्यायच नसतो. मी आयसरला (म्हणजे विज्ञान शिक्षण आणि संशोधनाच्या केंद्रीय संस्थेत) जाणार म्हटल्यावर मोठे काका म्हणाले, "म्हणजे बीएस्सीच ना? मग नंतर बीएड करशील." त्यांचं चुकलं नव्हतं. मलाही तेव्हा नीट उत्तर देता आलं नव्हतं.

आज मी जालन्यात एका बियाणं कंपनीत काम करते. दर मे-जूनमध्ये ओळखीतल्या कुणाच्या ना कुणाच्या मुलीचा फोन येतो आणि तेच प्रश्न येतात. म्हणून एकदाचं सगळं लिहून काढलं. परीक्षांच्या तारखा आणि नियम दरवर्षी थोडे हलतात, तेव्हा त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचा. कोचिंगच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलेला फोटो म्हणजे माहितीपुस्तिका नव्हे.

१. आधी शब्दाचा अर्थ लावून घ्या

'आंतरविद्याशाखीय विज्ञान' हा शब्द ऐकला की वाटतं, फिजिक्स, केमिस्ट्री, बायो, मॅथ्स सगळ्याची भेळ करून देणार. मलाही तसंच वाटलं होतं. अर्थ लागला तो दुसऱ्या वर्षी, जेनेटिक्सच्या तासाला.

दोन जनुकं गुणसूत्रावर एकमेकांपासून किती लांब आहेत हे पट्टी लावून मोजता येत नाही. पुढच्या पिढीत ती किती वेळा एकमेकांपासून सुटली, यावरून अंदाज बांधतात. मॅडमनी फळ्यावर या अंतराची दोन सूत्रं लिहिली, एक ब्रिटिश शास्त्रज्ञ हॉल्डेनचं आणि एक कोसंबींचं. मी शेजारणीला विचारलं, "कोसंबी म्हणजे आपले?" आपलेच. दामोदर धर्मानंद कोसंबी, जन्म १९०७, गोव्यातलं कोसबेन. त्यांना आपण इतिहासकार म्हणून ओळखतो. पण ते गणिती होते, आणि १९४४ साली हे सूत्र प्रसिद्ध झालं तेव्हा पुण्यात फर्ग्युसनला गणित शिकवत होते.

गुणसूत्रांची जोडी आपसात तुकडे बदलते तेव्हा जनुकं सुटतात. अशी अदलाबदल एका जागी झाली की अगदी शेजारी दुसरी होण्याची शक्यता कमी होते. हॉल्डेनच्या सूत्रात ही गोष्ट धरलेली नाही, कोसंबींच्या सूत्रात धरलेली आहे. समजा, दोन जनुकं २० टक्के वेळा सुटली. हॉल्डेनप्रमाणे अंतर येतं साधारण २५.५ सेंटिमॉर्गन (हे जनुकांमधल्या अंतराचं एकक), कोसंबींप्रमाणे २१.२. पिकाच्या जातीत एखादा गुण शोधत असाल तर एवढा फरक पुष्कळ होतो.

मला त्या दिवशी कळलं ते असं : कोसंबींना चारही विषय सारखे येत नव्हते. त्यांचं गणित पक्कं होतं, आणि ते घेऊन दुसऱ्याच्या अंगणात जाऊन तिथला प्रश्न समजून घेण्याची तयारी होती. नाण्यांच्या बाबतीतही त्यांनी हेच केलं. जुनी नाणी वापरून झिजतात, मग वजनावरून त्यांचा काळ सांगता येईल का, म्हणून तराजू घेऊन बसले. वेंकी रामकृष्णन यांनी फिजिक्समध्ये पीएचडी केली, त्यानंतर पुन्हा विद्यार्थी होऊन जीवशास्त्र शिकले, आणि २००९ चं नोबेल त्यांना मिळालं केमिस्ट्रीत. तेव्हा प्रवेश घेताना स्वतःला विचारा : माझा घरचा विषय कोणता, आणि पाहुणी म्हणून मला कुठे जायचंय? उत्तर लगेच नसेल तर बिघडत नाही, पण तिसऱ्या वर्षापर्यंत लागतं.

२. दारं कोणती आहेत

आयसर : देशात सात आहेत. पुणे आणि कोलकाता (२००६), मोहाली (२००७), भोपाळ आणि तिरुवनंतपुरम (२००८), तिरुपती (२०१५), बेऱ्हामपूर (२०१६). अभ्यासक्रम पाच वर्षांचा, बीएस-एमएस. प्रवेश आयएटी या परीक्षेतून. तीन तास, ६० प्रश्न, चारही विषयांचे प्रत्येकी १५. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकलं तर १ वजा. बारावीला ६० टक्के लागतात (अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना ५५), आणि चारपैकी किमान तीन विषय घेतलेले असावे लागतात.

बंगळूरचं आयआयएससी (भारतीय विज्ञान संस्था) : चार वर्षांचा बीएस (रिसर्च). तिथेही आयएटीचे गुण चालतात. मात्र बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री आणि गणित हवंच.

नेस्ट : या एका परीक्षेवर दोन संस्था. भुवनेश्वरचं नायसर (अणुऊर्जा विभागाची विज्ञान संस्था) आणि मुंबईत कलिना कॅम्पसमधलं सीईबीएस, म्हणजे मुंबई विद्यापीठ आणि अणुऊर्जा विभाग यांचं मूलभूत विज्ञान केंद्र. दोन्हीकडे पाच वर्षांचं एकात्मिक एमएस्सी. आपल्याकडच्या मुलांना सीईबीएसचं नावही ठाऊक नसतं, याचं मला दरवर्षी नव्याने आश्चर्य वाटतं. मुंबईत आहे, लोकलने जाता येतं!

साधं बीएस्सी : हे दार लोक विसरतात. गावाजवळच्या चांगल्या कॉलेजात बीएस्सी करून आयआयटी-जॅम द्या. त्यातून आयआयटीत एमएस्सी किंवा आयआयएससीत इंटिग्रेटेड पीएचडीला जाता येतं. आयएटी हुकली म्हणून ड्रॉप घेणाऱ्यांना माझा सल्ला हाच असतो : ड्रॉप घेऊ नका, बीएस्सीला बसा. माझ्या पीएचडी करणाऱ्या मित्रमैत्रिणींपैकी निम्मे याच वाटेने आलेत, आणि एका विषयात ते आमच्यापेक्षा पक्के असतात. शिवाय आयएटीला बारावी त्याच वर्षी किंवा आदल्या वर्षी झालेली लागते, त्यामुळे दुसऱ्या ड्रॉपची सोयही नाही.

एमएचटी-सीईटीचा यातल्या पहिल्या तीन दारांशी संबंध नाही. पर्सेंटाइल ९९ असलं तरी नाही.

३. बारावीला गणित सोडलं असेल तर

माझं पीसीबी होतं. गणित सोडलं, कारण 'नीटला लागत नाही'. कॉलेजातल्या सरांनीच तसं सांगितलं होतं, आणि अख्ख्या वर्गाने सोडलं.

नियमाने आयसरला चालतं, कारण तीन विषय पुरतात. पण आयएटीच्या पेपरात गणिताचे १५ प्रश्न, म्हणजे २४० पैकी ६० गुण, तुमच्यासाठीही असतातच. नेस्टमध्ये चार विभागांपैकी सर्वोत्तम तीन धरतात, त्यामुळे पीसीबीवाल्यांना ती सोयीची. दोन्ही परीक्षा द्या.

खरी गंमत प्रवेशानंतर होते. पहिल्या सेमिस्टरला कॅल्क्युलस आला आणि मी शेवटच्या बाकावर गेले. ऑलिम्पियाड करून आलेली मुलं पुढे बसून प्रश्न विचारत होती, आणि मला डेरिव्हेटिव्ह म्हणजे नक्की काय हेच नीट सांगता येत नव्हतं. पहिल्या मिडसेमला ३० पैकी ७ पडले. बारावीला ९१ टक्के घेऊन आलेल्या माणसाला ७ गुण हाताळता येत नाहीत. दोन दिवस मी मेसला गेले नाही.

काय उपयोगी पडलं ते सांगते. निकाल आणि प्रवेश यांच्यामधले दोन महिने फुकट घालवू नका. अकरावी-बारावीचं एनसीईआरटीचं गणित घ्या आणि फक्त चार गोष्टी करा : फलन, लिमिट-डेरिव्हेटिव्ह-इंटिग्रेशन, मॅट्रिक्स आणि संभाव्यता. त्रिकोणमितीची लांबलचक समीकरणं सोडून द्या. स्टेट बोर्डाचं पुस्तकही चांगलं आहे, पण या परीक्षांचा अभ्यासक्रम एनसीईआरटीच्या अंगाने जातो आणि पुढची शब्दावलीही तीच असते. सोबत पायथॉनची तोंडओळख करून घ्या. लॅपटॉप नसेल तर मोबाइलवर चालेल, पण हाताने टाइप करा.

मराठी माध्यमवाल्यांसाठी एक गोष्ट. पेपर मराठीत नसतो. पहिलं सेमिस्टर शब्दांशी झगडण्यात जातं, विज्ञानाशी नाही. मी एक वही केली होती, डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे आपला : विकर, गुणसूत्र, संवेग, अभिक्रिया. डिसेंबरपर्यंत ती वही बंद झाली.

४. कागदपत्रं आणि त्यातले खड्डे

ही यादी निकालाची वाट न बघता फेब्रुवारीपासून जमवायला लागा :

- दहावीची गुणपत्रिका आणि प्रमाणपत्र (जन्मतारखेसाठी)
- बारावीची गुणपत्रिका
- शाळा सोडल्याचा दाखला
- बोर्डाचं स्थलांतर प्रमाणपत्र (मायग्रेशन)
- जातीचा दाखला, लागू असेल तर नॉन-क्रीमीलेयर किंवा ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक)
- उत्पन्नाचा दाखला
- आधार कार्ड, फोटो, बँक पासबुक (खातं विद्यार्थ्याच्या नावाचं हवं)
- डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट (संस्था देईल त्या नमुन्यात)

आता खड्डे.

पहिला, नाव. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं, मग नाव, मग वडिलांचं नाव. आधारवर नाव आधी. फॉर्ममध्ये नाव दहावीच्या गुणपत्रिकेवर आहे अगदी तसंच भरा. स्पेलिंगमध्ये फरक असेल तर आधार दुरुस्त करून घ्या, ते सोपं पडतं.

दुसरा खड्डा मोठा, आणि त्यात मी स्वतः पडले आहे. आयसर, नायसर या केंद्राच्या संस्था. राज्याचे प्रवर्ग तिथे तसेच्या तसे चालत नाहीत. विजा-भज (विमुक्त जाती आणि भटक्या जमाती, म्हणजे एनटी), विमाप्र (विशेष मागास प्रवर्ग) ही राज्याची विभागणी झाली. त्यातल्या बहुतेक जाती केंद्राच्या यादीत ओबीसीत येतात, पण आपली जात त्या यादीत आहे का ते स्वतः तपासायचं आणि दाखला केंद्राच्या नमुन्यातला काढायचा, तोही चालू आर्थिक वर्षातला. मी एनटीचा राज्याचा दाखला आणि जुनं नॉन-क्रीमीलेयर घेऊन गेले होते. टेबलावरच्या मॅडमनी शांतपणे कागद परत केले आणि हमीपत्रावर पंधरा दिवसांची मुदत दिली. बाबा त्याच रात्रीच्या एसटीने परत गेले आणि पुढचे नऊ दिवस तहसील कार्यालयाच्या पायऱ्या झिजवल्या. मराठा विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावं : एसईबीसी हे राज्याचं आरक्षण आहे, केंद्राच्या संस्थांत ते नाही. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत आणि बाकीच्या अटींत बसत असाल तर केंद्राच्या नमुन्यातला ईडब्ल्यूएस दाखला काढा. ई-सेवा केंद्रात अर्ज देताना 'केंद्र शासनासाठी' हे दोनदा सांगा.

तिसरा. इंजिनिअरिंगच्या प्रवेशाच्या कॅप राउंडमध्ये आधी जागा मिळते, घरचे म्हणतात घेऊन ठेवू, आणि शाळा सोडल्याचा मूळ दाखला त्या कॉलेजात जाऊन बसतो. मग आयसरची यादी लागली की तो परत मिळवायची धावपळ. मूळ कागद कुठेही देण्याआधी स्कॅन करा, पाच-पाच साक्षांकित प्रती काढा, आणि प्रवेश रद्द करायची शेवटची तारीख भिंतीवर लिहून ठेवा.

आयसरसाठी पसंतीक्रम भरताना मैत्रीण कुठे चाललीय यापेक्षा तिथे कुठल्या विषयाचे प्राध्यापक जास्त आहेत ते बघा. संकेतस्थळावर प्रत्येकाचं संशोधन लिहिलेलं असतं. अर्धं कळणार नाही. तरी वाचा.

५. पैशाचं

इन्स्पायर-शी शिष्यवृत्ती : वर्षाला ८०,००० रुपये, त्यातले ६०,००० हातात आणि २०,००० उन्हाळी प्रकल्पासाठी. बारावीला आपापल्या बोर्डात वरच्या १ टक्क्यात आलेल्यांना मिळू शकते, आणि साधं बीएस्सी करणाऱ्यांनाही. त्यासाठी बोर्डाचा पात्रतेचा कागद सांभाळून ठेवा. नायसर आणि सीईबीएसला अणुऊर्जा विभागाची 'दिशा' शिष्यवृत्ती असते. बाकी बँकेचं शैक्षणिक कर्ज सहज होतं.

६. पहिली दोन वर्षं आणि उन्हाळे

सुरुवातीला सगळ्यांना थोडं थोडं सगळं शिकावं लागतं. या काळात सीजीपीए पडतो आणि प्रत्येकाला वाटतं, फक्त आपलाच पडला. मला फार वाटायचं. सीनियर म्हणायचे, "पुढे येतो वर." येतो, पण आपोआप नाही.

निवडक विषय घेताना एक सापळा आहे. दर सेमिस्टरला नवं काहीतरी चाखायचा मोह होतो : न्यूरोसायन्स, मग क्वांटम, मग हवामान. चौथ्या वर्षी हातात बारा विषयांचे पहिले-पहिले धडे राहतात. आमच्या बॅचचा सगळ्यात हुशार मुलगा असाच अडकला. मी नियम केला होता की एकाच विषयाची तीन पायऱ्यांची शिडी पूर्ण चढायची (माझी जेनेटिक्सची होती) आणि तिच्या शेजारी फक्त एक दुसरी, ती संख्याशास्त्राची. बाकीचं कँटीनच्या गप्पांमधून.

उन्हाळा मात्र घरी आंबे खाण्यात घालवू नका. विज्ञान अकादमींची समर रिसर्च फेलोशिप, मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेचा उन्हाळी कार्यक्रम व्हीएसआरपी, बंगळूरच्या जेएनसीएएसआर या संशोधन संस्थेचे उन्हाळी प्रकल्प, मानखुर्दच्या होमी भाभा केंद्राचा पदवीच्या मुलांसाठीचा कार्यक्रम नियस. यातल्या काहींचे अर्ज आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरच्या आसपासच संपतात, आणि पहिल्या वर्षाच्या मुलांना हे मार्चमध्ये कळतं. प्राध्यापकांना थेट मेल करायचा असेल तर शंभर जणांना तोच मजकूर पाठवू नका, ते लगेच ओळखतात. त्यांचा एक पेपर वाचा, त्यातला एक खरा प्रश्न विचारा, सहा ओळींत संपवा. मी अशा अकरा मेल पाठवल्या, दोन उत्तरं आली, एक होकार. हे प्रमाण चांगलं समजा.

पुण्यात असाल तर नशीबवान आहात. आयसरला लागून रसायनाचं एनसीएल, पाषाणला हवामानाचं आयआयटीएम, विद्यापीठाच्या आवारात खगोलशास्त्राचं आयुका आणि एनसीआरए, आणि पेशीविज्ञानाचं एनसीसीएस. सायकलवर फिरता येईल एवढ्या टापूत रसायनं, पाऊस, दीर्घिका आणि पेशी. तिथली बरीच व्याख्यानं कुणालाही ऐकता येतात.

७. पदवीवरच्या नावाचा घोळ

हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आपण पाच वर्षं सगळ्या भिंती ओलांडायला शिकतो, आणि बाहेरचे सगळे फॉर्म भिंती धरूनच छापलेले असतात. प्राध्यापकीसाठी आणि संशोधनाच्या फेलोशिपसाठी लागणारी विज्ञानाची सीएसआयआर-नेट परीक्षा पाचच गटांत होते : रसायन, भूविज्ञान, जीवशास्त्र, गणित, भौतिकशास्त्र. 'आंतरविद्याशाखीय' असा रकाना नाही. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची प्राध्यापकीची पात्रता परीक्षा, सेट, हीही विषयवार. सीनियर कॉलेजात प्राध्यापक व्हायचं असेल तर 'संबंधित विषयात पदव्युत्तर पदवी' मागतात, आणि तुमच्या बीएस-एमएसवर कदाचित विषयच लिहिलेला नसतो. मुलाखतीला गेलेल्या माझ्या मैत्रिणीला विचारलं होतं, "हे एमएस म्हणजे अमेरिकेचं का?"

उपाय तीन. एक, शेवटच्या दोन वर्षांत एका विषयाचे क्रेडिट भरपूर होतील असं बघा. दोन, बाहेर पडताना शैक्षणिक विभागाकडून 'अमुक विषयात इतके क्रेडिट, पदवी एमएस्सीशी समकक्ष' असं पत्र मागून घ्या. नंतर मागितलं तर महिने जातात. तीन, पाचव्या वर्षाच्या थिसिसचं शीर्षक विचारपूर्वक ठेवा, कारण निवड समिती बहुतेकदा तेवढंच वाचते.

८. पुढे कुठे काम मिळतं

पीएचडी हा पहिला रस्ता. जेआरएफला (पीएचडीच्या सुरुवातीची फेलोशिप) जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं, दोन वर्षांनी एसआरएफ (तिचाच वरचा टप्पा) झालं की ४२,०००. गावाकडे 'अजून शिकतेच आहे का' म्हणतात तेव्हा हा आकडा सांगावा, लोक गप्प बसतात. पण पीएचडी पाच-सहा वर्षं खाते. केवळ 'दुसरं काही सुचलं नाही' म्हणून करू नका, मी तशी दोन माणसं अर्ध्यावर सोडताना पाहिली आहेत.

पीएचडी न करता काय? माझ्या बॅचमधले लोक कुठे आहेत ते सांगते. एक औषध कंपनीत, क्लिनिकल ट्रायलच्या आकडेवारीवर. एक पेटंट एजंट : ती परीक्षा विज्ञानाच्या पदवीधरांना देता येते, आणि केमिस्ट्री-बायो दोन्ही कळणाऱ्याला तिथे मान आहे. दोघं बँकेच्या जोखीम विभागात, फिजिक्सवाले. एकजण पावसाच्या मॉडेलवर काम करतो. एक मुलगी शाळेत शिकवते, आवडीने शिकवते, आणि 'शेवटी शिक्षिकाच ना' म्हणणाऱ्यांना ती उत्तर देत नाही. एक यूपीएससीचा तिसरा प्रयत्न करतोय.

नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. तिथे खगोलशास्त्रज्ञ जितके लागतात तितकेच इलेक्ट्रॉनिक्स, सिग्नल आणि संगणक जाणणारे लागतात. गोव्यात दोना पावलाला एनआयओ ही समुद्रविज्ञानाची संस्था आहे, तिथे समुद्राचं रसायन, भौतिक, जीव, भूगर्भ सगळं एकाच जहाजावर असतं. जाहिरातीत हुद्दा 'प्रोजेक्ट असोसिएट' असतो, मुदत वर्षभराची. अशा पदांना नाक मुरडू नका, पण दोन-तीन वर्षांपलीकडे त्यातच राहूही नका.

पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत मला विचारलं, "तुम्ही बायोच्या की डेटाच्या?" मी दोन्ही म्हटलं, आणि मला घेतलं नाही. दुसरीकडे मी म्हटलं, "मी जेनेटिक्सची आहे, डेटा स्वतः हाताळते." तिथे घेतलं. तेच काम, तोच पगार, फक्त आधी घर सांगितलं.

आता माझं रोजचं काम असं : शेतातून कपाशीच्या झाडांचे नमुने येतात, लॅबमधून त्यांच्या डीएनएवरच्या खुणांची तक्तेच्या तक्ते भरून आकडेवारी येते, आणि मी त्यावरून नकाशा काढते की हवा असलेला गुण गुणसूत्रावर कुठे बसलाय. प्रोग्राम सुरू केला की तो पहिल्यांदा विचारतो, अंतर कोणत्या सूत्राने काढू? दोन पर्याय दिसतात. मी कोसंबींवर क्लिक करते. मागच्या दिवाळीत काकांना स्क्रीनवर ते नाव दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला, दोनदा वाचलं आणि म्हणाले, "बरं, मग बीएडचं काय ठरलं?"